धर्मादायाची चोवीस घरं

मोरोपंत कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. अमरावतीत तेव्हा अर्ज लिहिणारे सहा-सात जण होते, पण गर्दी पंतांकडेच, कारण त्यांच्या हातचा अर्ज शिरस्तेदार कधी परत पाठवत नसे. माणूस रडत-भांडत अर्धा तास आपली हकिकत सांगे आणि पंत ती चार ओळींत अशी बसवत, की सांगणाऱ्यालाच वाटावं, आपलं दुःख एवढंच होतं होय! अर्जाला दोन आणे घेत. गरीब असला तर एक. अगदीच कुणी नागवलेला असला तर काहीच नाही, आणि ही गोष्ट ते घरी जाऊन बायकोला सांगत नसत.

ते कापसाचे दिवस होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि सगळी मागणी वऱ्हाडावर येऊन आदळली होती. गावाभोवतीच्या परकोटाबाहेरच्या बाजारात कार्तिकात गाड्यांची रीघ लागे ती चैत्र सरला तरी हटत नसे. काल चिलमीला महाग असलेली माणसं आज बैलांना चांदीच्या घुंगरमाळा घालत. पैसा आला तसे भावही चढले. ज्वारी चढली, लाकूड चढलं, घरभाडी तर विचारू नयेत इतकी चढली. पंत परकोटाच्या आत दोन खोल्यांत राहत. घरमालकानं दोन वर्षांत तीनदा भाडं वाढवलं, कारण मुंबईहून आलेले दलाल त्याला तिप्पट द्यायला तयार होते. खोल्यांना खिडकी नव्हती. पंतांची बायको तारा आणि दोन्ही मुली चुलीच्या धुरात बारा महिने खोकत असत.

कापूस वावरातून यायचा तो सरकीसकट. लाकडी चरखीवर तो घालून सरकी वेगळी काढायची आणि रुई वेगळी, हे काम बायांचं. खेड्यापाड्यांतून शेकडो बाया त्यासाठी अमरावतीला आल्या होत्या. बाजारामागच्या नाल्याकाठी तुराट्यांच्या कुडाच्या झोपड्या घालून राहत. अठराशे चौसष्ट सालच्या होळीच्या आठवडाभर आधी, भर दुपारी, एका चुलीतली ठिणगी कुडावर गेली आणि पाऊण तासात साठ झोपड्यांची राख झाली. एक म्हातारी आणि दोन लेकरं आत राहिली. ठिणग्या बाजारातल्या रुईच्या गंजीपर्यंत गेल्या होत्या, म्हणून त्या दिवशी सगळे अडतेही बादल्या घेऊन धावले.

तिसऱ्या दिवशी दहा-बारा बाया कडुनिंबाखाली आल्या. पुढे होती ती जमुना. तिवशाकडची कुणबीण, पस्तिशीची, काटक. नवरा पटकीच्या साथीत गेला होता. बरोबर नणंद होती, पार्बताबाई. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता आणि त्यावर केळीचं पान बांधलं होतं.

"महाराज, अर्ज लिवा लागते," जमुना म्हणाली.

"नुकसानीचे पैसे सरकार देत नसतं, बाई. आधीच सांगून ठेवतो."

"पैसे कोन मांगते? जागा पायजे. भिती आमी आमच्या हातानं उचलतो. आज हा म्हनते इथून उठा, उद्या थो म्हनते तिथून उठा. आमी कुडाचं घर काहून बांधतो, सांगा? उठवलं का डोक्शावर घेऊन चालतं होता येते म्हनून. मातीच्या घराले आग नाई लागत, येवढं आमाले समजत नाई का?"

पंतांनी बोरू शाईत बुडवला. त्या दिवशी त्यांनी लिहिलेला अर्ज त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला अर्ज होता. त्याचं त्यांनी काही घेतलं नाही.

अर्ज वाचून कचेरीतला इंग्रज साहेब घोड्यावर बसून स्वतः नाल्याकाठी गेला. जळालेल्या जागेत एक लहान पितळी वाळा पडलेला त्यानं उचलून पाहिला म्हणतात. आठ दिवसांत हुकूम झाला. परकोटाबाहेरची दोन एकर पडीत जमीन फुकट मिळेल, पण गावातल्या प्रतिष्ठितांनी पंच नेमावेत, वर्गणी काढावी, घरं बांधावीत आणि ती पंचांच्या ताब्यात राहावीत.

पंतांनी हुकूम बायांना वाचून दाखवला. जमुनानं मध्येच विचारलं, "जागा कोनाच्या नावानं राहीन?"

"पंचांच्या."

"आमच्या काहून नाई?"

"अहो, साठ बायकांच्या नावानं कुठे जागा होते का? आणि पंच तुमच्यासाठीच तर आहेत."

जमुनानं कागदाला हात लावला नाही. पार्बताबाईनं मात्र तो कागद डाव्या हातानं घेऊन कपाळाला लावला.

पंचांची पहिली बैठक सेठ बालमुकुंद यांच्या गादीवर झाली. सेठ बाजारातले मोठे अडते. दुसरे वजनदार पंच म्हणजे खुशालराव. चार वर्षांपूर्वी साधे कास्तकार होते, आता दोनशे एकर काळ्या जमिनीचे मालक आणि कारकुनाच्या हातून इंग्रजीत सही करणारे. बाजारात येणाऱ्या दर गाडीमागे दोन आणे धर्मादाय घ्यायचा आणि त्यातून चाळीस घरं बांधायची असं ठरलं. मोरोपंत चिटणीस झाले, महिना पंधरा रुपयांवर. धर्मादायाच्या अटींचं पत्र त्यांनीच लिहिलं. 'सरकी काढणाऱ्या निराधार बायांस राहण्यासाठी' हे शब्द त्यांनी जरा ठळक अक्षरात घातले.

वैशाखात विटा पाडायला सुरुवात झाली. मजुरी वाचावी म्हणून दर बाईनं आठवड्यातून एक दिवस फुकट काम करायचं, हे जमुनानं स्वतः होऊन सुचवलं. त्या उन्हात बाया लुगड्यांचे काचे मारून चिखल तुडवत, साच्यात थापत. पार्बताबाई एका हातानं पाणी शिंपडत असे. पंत छत्री घेऊन रोज संध्याकाळी बघायला जात. विटांच्या ओळी लांबत चाललेल्या पाहून त्यांना आपण कधी नव्हे ते काहीतरी करतो आहोत असं वाटे.

भट्टी लागायच्या आधी सेठनी त्यांना बोलावून घेतलं.

"पंतजी, वडिलांच्या नावानं दोन हजार देतो. पण मातीत चिणलेली घरं नकोत. बाप का नाम आहे, पावसानं वाहून गेलं तर लोक काय म्हणतील? जोतं दगडाचं करा, चुन्याचं काम करा, वर कवेलूंचं छप्पर. आणि तोंडाशी त्यांच्या नावाची एक शिळा."

पंतांनी घरी येऊन हिशेब मांडला. दगड आणि चुना धरला तर पैशात चाळीस नव्हे, चोवीस घरं बसत होती. पण मातीची घरं दहा वर्षांत बसतील आणि ही शंभर वर्षं टिकतील. त्यांना ते पटलं. जमुनाला त्यांनी तसंच सांगितलं.

"साठ जनीत चोवीस?" ती म्हणाली.

"ही पहिली चोवीस. मग पुढची आहेतच."

"मंग बाकीच्यायनं विटा पाडाच्या का नाई?"

"पाडायच्या. पुढच्या घरांना लागतील."

बाया पाडत राहिल्या.

त्यानंतर खुशालरावांनी बैठकीत मुद्दा काढला. "मी सांगतो ते पाहा. फुकट देसान तं दोन सालात दारं-चौकटी जाळून खातीन. रुपया भाडं लावा. त्या भाड्यातून आनखी घरं बांधू. मंग कोनाच्या दारी मांगाले जाची गरज नाई."

कुणाला यात वाईट काही दिसलं नाही. पंतांना तर ती कल्पना फार आवडली. पैसा एकदा घातला की तो फिरत राहणार, दर चार-पाच वर्षांनी घरांची एक नवी ओळ उभी राहणार, आपण मेल्यावरही. त्यांनी कलम लिहिलं. भाडं थकलं तर काय, असं एका पंचानं विचारलं, तेव्हा त्याखाली आणखी एक कलम आलं. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यावं किंवा प्रतिष्ठित गृहस्थाचा जामीन आणावा. मात्र पंचांपैकी कुणी जामीन राहू नये, म्हणजे पक्षपात होणार नाही. हे शेवटचं पंतांच्या स्वतःच्या डोक्यातलं होतं. साहेबानं त्याखाली लाल शाईनं 'उत्तम' असा शेरा मारला.

पासष्ट साल उजाडलं आणि चैत्रात मुंबईहून बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली. महिन्याभरात कापसाचा भाव निम्म्यावर आला, मग त्याच्याही खाली. गाद्यांवर माणसं मुस्काटात बसल्यासारखी बसून होती. बाजारात गाड्या येईनात, मग धर्मादाय कुठला येणार? सेठनी वडिलांच्या नावाचे एक हजार दिले होते, उरलेल्या हजाराचं कुणी त्यांना विचारू शकत नव्हतं. शिळा मात्र आधीच कोरून झाली होती, ती बसवली. चोवीस घरांच्या भिंती उभ्या होत्या, कवेलू फक्त तेरांवर चढले होते. गवंडी कामावरून उठून गेले आणि चुनावाला रोज पंतांच्या दारात येऊन बसू लागला.

बाया तोवर त्याच जमिनीच्या मागच्या टोकाला झोपड्या घालून राहिल्या होत्या. घरं पुरी होईपर्यंत पंचांनी तशी तोंडी परवानगी दिली होती. सरकीचं काम अर्ध्यावर आलं होतं. काही जणी गावी परतल्या, तीस-पस्तीस उरल्या.

त्याच सुमारास बडनेऱ्याकडे रेल्वेचं काम जोरात सुरू झालं. ठेकेदारांचे कारकून, मोजणीदार, मिस्त्री राहायला घरं शोधत अमरावतीत फिरू लागले. पाच-पाच रुपये भाडं द्यायला तयार.

खुशालराव म्हणाले, "बारा घरं यायले दोन साल द्या. त्यायच्या भाड्यात चुनेवाल्याचं फिटते अन् बाकीच्यायवर कवेलू चढते. मंग ते बायायले द्या. यात कोनाचं काय बिघडते, पंत?"

पंतांनी एक दिवस मागून घेतला. उलटसुलट विचार केला. कुठे खोट सापडेना. घरं तशीच पडून राहिली तर येत्या पावसात भिंती भिजून सगळंच जाईल. त्यांनी लिहिलं, 'तूर्त दोन वर्षांकरिता'.

राहिलं तेरावं. सेठ म्हणाले, "आता पगाराला पैसे नाहीत, पंतजी. भाडं गोळा करायला माणूस तर जागेवर पाहिजे. पगाराऐवजी टोकाचं घर तुम्ही घ्या."

हेही बरोबरच होतं. सात महिन्यांचा पगार थकला होता आणि परकोटातल्या मालकानं चौथ्यांदा भाडं वाढवलं होतं.

तारानं नव्या घरात पाऊल टाकलं आणि ती आधी खिडकीशी गेली. दोन्ही दारं उघडून तिनं बाहेर हात काढला. "अहो, वारं येतंय!" ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पंतांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. महिनाभरात मुलींचा खोकला गेला. तिला काहीतरी सांगायचं पंतांच्या मनात दोन-तीनदा आलं. पण काय सांगायचं? चुकीचं काही घडलेलंच नव्हतं.

जातं आत नेत होते त्या दिवशी जमुना कुंपणाशी उभी होती.

"तुमाले भेटलं ना घर, महाराज. बरं झालं. पोरी खोकत होत्या तुमच्या."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर पंतांना उत्तर देता आलं असतं.

पुढच्या वर्षी, सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात, उरलेल्या अकरा घरांवर कवेलू चढले. पंत स्वतः झोपड्यांकडे गेले आणि म्हणाले, "चला, तुमची घरं तयार आहेत." ते फार आनंदात होते. सहा रुपये आगाऊ किंवा जामीन, हे त्यांनी शेवटी सांगितलं.

तेव्हा त्या बायांना महिन्याकाठी अडीच-तीन रुपये मिळत होते आणि ज्वारीचा भाव उतरलेला नव्हता. जमुना जामिनासाठी फिरली. ज्या अडत्याकडे तिनं चार हंगाम सरकी काढली, तो म्हणाला, माझाच ठिकाणा नाही. ती खुशालरावांकडे गेली. खुशालराव म्हणाले, "मी पंच आहो, बाई. मले जामीन राहाता येत नाई, कायद्यात बसत नाई. पंतायले विचार." बायांपैकी दुसऱ्या दोघींनी पायांतले तोडे विकून आगाऊ भाडं भरलं आणि राहायला गेल्या. सहा महिने सरले, सातव्याचं भाडं देता आलं नाही, आठव्याला ते कसंबसं फेडून त्या पुन्हा झोपडीत आल्या. चावी पंतांच्याच हाती दिली त्यांनी.

घरं रिकामी ठेवता येत नव्हती. एकात शाळामास्तर आला, एकात दवाखान्यातला मलमपट्टीवाला, एकात कचेरीतला नाझर. सगळे अडचणीतलेच होते, गावात घर मिळत नाही म्हणून कावलेले. पंतांनी प्रत्येकाची खात्री करून घेतली होती. सदुसष्टच्या दसऱ्याला चोवीसच्या चोवीस घरं भरली होती आणि भाडं वेळेवर येत होतं. रेल्वेच्या कारकुनांची दोन वर्षं संपली तेव्हा त्यांना उठवावं असं बैठकीत कुणी बोललं नाही. पंतही बोलले नाहीत.

आणि मग भाडेकरूंनी तक्रार केली. मागच्या झोपड्यांचा धूर येतो, पोरं जोत्यावर घाण करतात, आणि मुख्य म्हणजे आगीची भीती. एकदा आग लागलेलीच आहे. पंचांनी ठरवलं की झोपड्या काढाव्यात. नोटीस अर्थातच चिटणीसांनी लिहायची.

नोटीस लागली त्या संध्याकाळी जमुना पंतांच्या ओट्याशी आली. आत आली नाही, पायरीखाली उभी राहिली.

"महाराज, अर्ज लिवा लागते."

पंत उठून उभे राहिले. "कुणाविरुद्ध?"

"तुमाले मालूम हाये."

"जमुनाबाई, मी पंचांचा नोकर आहे. त्यांच्याविरुद्ध मी कसा लिहू?"

"मंग मी कोनाले सांगू? पयला अर्ज तुमीच लिवला होता. आमच्या मनातलं तुमाले जसं मालूम हाये तसं दुसऱ्याले नाई."

"हे बघा, मी तुमच्या भल्याचंच करत आलो. एक कलम दाखवा जे मी वाईट हेतूनं लिहिलं."

"मी कुठून दाखवू? मले वाचता येते का? तुमी वाईट हा असं मी म्हनूनच नाई राहिली. सेठबी वाईट नाई. खुशालरावबी नाई. साऱ्यायनं चांगलंच केलं. मंग आमी बाहेर काहून हाओ, येवढं मले समजून सांगा."

पैशाची तंगी, भावाची पडझड, जामिनाची गरज, सगळं पंतांच्या जिभेवर होतं. पण ती खालून वर त्यांच्याकडे बघत होती, आणि मागे खिडकीत तारा उभी होती. ते म्हणाले, "शालिकराम म्हणून एक पोरगेला अर्जनवीस आहे कडुनिंबाखाली. त्याच्याकडे जा. दोन आणे मी देतो."

"राहू द्या," जमुना म्हणाली. "दोन आने हायेत."

शालिकरामानं अर्ज लिहिला. नवा साहेब नुकताच आला होता. त्यानं अर्ज वाचला की नाही कोण जाणे. 'पंचांच्या चिटणीसांनी खुलासा करावा' असा शेरा होऊन तो चौथ्या दिवशी पंतांच्याच हाती आला. अर्ज वेडावाकडा होता, ओळी कलत्या होत्या, पण जमुनाचे शब्द त्यानं तसेच ठेवले होते. 'या घराच्या विटा आमी पाडल्या. त्या घरात आमाले जागा नाई. आता घराच्या मांगबी जागा नाई.'

पंत खुलासा लिहायला बसले. घरं गरजूंनाच दिली आहेत, हे खरं होतं. अर्जदार बायांस अकरा घरं देऊ केली असता त्यांनी जामीन दिला नाही, हेही खरं. दोघींना घरं दिली, त्यांचं भाडं थकलं. जामिनाच्या कलमामुळेच संस्थेचं भाडं आजवर बुडालं नाही आणि घरं सुस्थितीत आहेत. झोपड्यांना परवानगी तात्पुरती होती. आगीचा धोका आहे. एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'विटा मात्र याच बायांनी विनामोबदला पाडल्या हे नमूद करणे भाग आहे.' लिहून ते त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. ती ओळ वाचली की साहेब प्रश्न विचारणार, पंच विचारणार, आणि शेवटी टोकाच्या घरात कोण राहतं हेही कुणीतरी विचारणार. आत मुली पाढे म्हणत होत्या. पंतांनी दुसरा कागद घेतला आणि सगळा खुलासा पुन्हा उतरवून काढला. ती ओळ तेवढी घेतली नाही.

अर्ज फेटाळला गेला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दोन शिपाई आणि खुशालरावांचे गडी आले. झोपड्या मोडायला वेळ लागला नाही. पंत घरात होते. पार्बताबाई मोडलेल्या कुडापाशी गाडग्यांच्या उतरंडीजवळ बसून होती, भाजलेला हात आखडून गेलेला. तिला कुणी ऊठ म्हटलं तरी तिला ते ऐकू येत नसावं. पंत ताराला म्हणाले, "खिडकी लावून घे. धूळ येतेय."

तारानं खिडकी लावली नाही. ती सुपात तांदूळ घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली आणि थोड्या वेळानं सूप तसंच भरलेलं घेऊन परत आली.

"नाही घेतले," ती म्हणाली. ते तांदूळ तिनं पुन्हा डब्यात ओतले नाहीत. दोन दिवस सूप कोपऱ्यात तसंच होतं, मग तिनं ते चिमण्यांना टाकले. त्या दिवसानंतर ती खिडकीशी बसेनाशी झाली.

बाया दुपारपर्यंत निघून गेल्या. अकोल्याला रुई दाबून गाठी बांधायची नवी यंत्रं आली होती, रेल्वे सुरू झाली होती, तिथे काम आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. चरख्या डोक्यावर घेऊन त्या पश्चिमेच्या रस्त्यानं गेल्या.

दोन वर्षांनी मोरोपंतांना अकोल्याहून बोलावणं आलं. तिथल्या कारखानदारांना आणि साहेबाला मजुरांसाठी घरं बांधायची होती आणि अमरावतीच्या चोवीस घरांचं नाव तोवर सगळ्या वऱ्हाडात झालं होतं. चार वर्षांत एक रुपया बुडाला नाही असा धर्मादाय कुणी पाहिला नव्हता. पंत बडनेऱ्याहून रेल्वेनं गेले. त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि गरजू किती आहेत त्याची मोजणी करावी म्हणून बरोबर एक शिपाई दिला.

रुळांच्या पलीकडे बारदानाच्या तुकड्यांच्या झोपड्या होत्या. शिपायानं घरांची गोष्ट काढताच बाया धावत आल्या, एकमेकींना ढकलू लागल्या, प्रत्येकीला आपलं नाव आधी सांगायचं होतं. पंतांनी पाच-सहा नावं लिहिली असतील, तेवढ्यात गर्दीमागे त्यांना जमुना दिसली. केसांत रुईचे तंतू होते, की केसच पिकले होते, ते कळत नव्हतं.

"जमुनाबाई, बऱ्या आहात ना?"

"हाओ."

"पार्बताबाई?"

"गेली. मांगच्या उन्हाळ्यात."

"कशानं?"

"काहून? लिवाचं हाये का तुमाले?"

पंतांनी बोरू खाली घेतला. बाया दोघांकडे बघू लागल्या. एका तरण्या पोरीनं जमुनाला विचारलं, "मावशी, हे महाराज कोन व्हय?"

"यायनं आमच्यासाठी चोवीस घरं बांधली अमरावतीले," जमुना म्हणाली.

"मंग तू इथं काहून राह्यतं?"

जमुना वळली आणि आपल्या झोपडीकडे गेली. पोरगीही तिच्यामागे गेली. मग आणखी दोघी गेल्या. पंतांसमोर शेवटी शिपाई आणि एक बहिरी म्हातारी एवढेच राहिले. त्यांनी कागदावर 'अदमासे दीडशे' असं लिहिलं.

संध्याकाळच्या बैठकीत कलमं वाचायला घेतली. अमरावतीचीच नक्कल होती. जामिनाचं कलम आलं तेव्हा पंत एकदम म्हणाले, "हे काढून टाका."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. "का बुवा?" अध्यक्षांनी विचारलं.

"या बाया जामीन आणू शकत नाहीत. कलम राहिलं तर त्यांतली एकही घरात जाणार नाही. अमरावतीला एकही टिकली नाही." पंतांना वाटलं, आता कुणीतरी खोदून विचारील, आणि विचारलं तर आज आपण सगळं सांगू.

अध्यक्षांनी शांतपणे समोरची कागदांची चळत चाळली आणि एक नक्कल काढली. "पण पंत, या कलमामुळेच भाडं बुडालं नाही आणि घरं सुस्थितीत राहिली, असं तुम्हीच सरकारला लिहून दिलं आहे. साहेबांनी मुद्दाम मागवून घेतलाय हा खुलासा. किती नेटका लिहिलाय!"

कागद हातोहात फिरला. मंडळींनी अक्षराची तारीफ केली. कुणीतरी पंतांना पाणी दिलं, प्रवासाचा शीण झाला असेल म्हणालं. कलम राहिलं, आणि पक्की प्रत करायची वेळ आली तेव्हा इतकं चांगलं अक्षर दुसऱ्या कुणाचं नसल्यामुळे ती पंतांनीच केली.

दुसऱ्या दिवशी ते लवकरच स्टेशनात येऊन बसले. गाडीला अजून दोन तास होते. रुळांपलीकडची वस्ती तिथून स्पष्ट दिसत होती. चुली पेटल्या होत्या, कुणी बाई दारात चरखी मांडत होती. चालत गेलं तर पाच मिनिटांची वाट. पंत एकदा उठले, फलाटाच्या कडेपर्यंत गेले. मग परत आले, मांडीवरची शाल नीट केली आणि वस्तीकडे पाठ करून बसले.